चारमिनार आणि भागानगर : एका स्थापना-स्मारकाचा नामशास्त्रीय विचार

(१)

नगराच्या स्थापनेचे स्मारक म्हणून जी वास्तू लोकमान्य होते, तिने आपली हकीकत स्वतःच सांगावी अशी अपेक्षा सामान्यतः असते. सेंट पीटर्सबर्ग येथे त्या नगराच्या संस्थापकाचा जो अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्या पाषाणावर रशियन व लॅटिन अशा दोन भाषांत पहिल्या पीटरचे नाव, स्मारक उभारणाऱ्या दुसऱ्या कॅथरीनचे नाव आणि १७८२ हे वर्ष कोरलेले आहे. कोणी, कोणासाठी व केव्हा या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तेथे उभ्या उभ्या मिळते.

हैदराबादच्या चारमिनारची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. ही वास्तू त्या नगराच्या स्थापनेचे स्मारक होय याविषयी सहसा दुमत नसते. परंतु स्थापनेची हकीकत सांगणारा एकही शिलालेख तिच्यावर नाही. संस्थापकाचे नाव नाही, नगराचे नाव नाही, हेतूही नाही. खुद्द 'चारमिनार' हे नावदेखील केवळ वर्णनपर आहे. 'चार' हा शब्द फारसीत व मराठीत एकच. 'मिनार' हा मूळ अरबी 'मनार', म्हणजे प्रकाशाचे स्थान. चार मिनारांची इमारत, एवढेच हे नाव सांगते.

दगडाने जे सांगितले नाही, ते सांगण्याचे काम नावांनी केले. या नगराला भागनगर, भाग्यनगर, भागानगर, बागनगर, हैदराबाद, फर्खुंदा बुनियाद अशी अनेक नावे निरनिराळ्या भाषांतून मिळाली आणि त्यांपैकी प्रत्येक नावामागे स्थापनेची एकेक कथा उभी राहिली. या नावांचा पुरावा कोठपर्यंत नेता येतो आणि कोठे थांबवावा लागतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. नगराचे नाव काय होते, ते नाव का पडले आणि चारमिनार कशाच्या स्मरणार्थ उभा राहिला, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील बराचसा वाद निष्फळ ठरला आहे.

(२)

प्रथम वास्तूविषयीच्या निश्चित गोष्टी पाहणे सोयीचे होईल. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही घराण्यातील पाचवा सुलतान मुहंमद कुली कुतुबशहा याने १५८० पासून १६१२ पर्यंत राज्य केले. गोवळकोंड्याचा किल्ला मुसी नदीच्या उत्तरेस असून नवे नगर नदीच्या दक्षिण तीरावर वसविण्यात आले. नदीवरचा जुना पूल सुलतानाचा पिता इब्राहिम कुतुबशहा याच्याच कारकीर्दीत, १५७८ मध्ये, तयार झालेला होता. म्हणजे दक्षिण तीराकडे जाण्याची वाट नगरापूर्वीच खुली झाली होती. नगराच्या आखणीचे श्रेय इराणातील अस्तराबादहून आलेल्या मीर मोमिन या पेशव्याला परंपरेने दिले जाते. (मुख्य प्रधान या अर्थाचा 'पेशवा' हा शब्द मराठी राज्याने दक्षिणेतील याच सुलतानी दरबारांच्या परिभाषेतून उचलला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.)

दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकावर चारमिनार उभा आहे. त्यांपैकी पूर्व-पश्चिम रस्ता गोवळकोंड्याला मछलीपट्टणच्या बंदराशी जोडणारा. चौरस इमारतीची प्रत्येक बाजू सुमारे २० मीटर. चारही दिशांना एकेक भव्य कमान. चार कोपऱ्यांवर चार मिनार. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या अंगास मशीद. उत्तरेस थोड्या अंतरावर १५९२ च्या सुमाराच्या चार कमानी असून त्यांच्या मधोमध हौद आहे. यावरून असे दिसते की चारमिनार ही सुटी वास्तू म्हणून कल्पिलेली नव्हती. ती नगराच्या रेखांकनाचा मध्यबिंदू होती आणि तिच्यापासून रस्ते, बाजार व वाडे मोजले जावयाचे होते. या अर्थाने ती स्थापनेची आठवण तर आहेच, पण त्याहीपूर्वी ती स्थापनेची प्रत्यक्ष क्रिया आहे.

(३)

वास्तूचा काळ ठरविण्याचे परंपरागत साधनही अक्षरांचेच आहे. अरबी-फारसी परंपरेत प्रत्येक अक्षराला एक अंक नेमून दिलेला असतो आणि शब्दातील अक्षरांच्या अंकांची बेरीज करून वर्ष काढले जाते. या अबजद पद्धतीचा प्रकार आपल्याकडील शब्दांकांनी वा कटपयादी संकेताने शक सांगण्याच्या पद्धतीशी जुळणारा आहे. चारमिनारचा काळ 'या हाफिज' (हे रक्षणकर्त्या) या दोन शब्दांत सांगितला जातो. ये १०, अलिफ १, हे ८, अलिफ १, फे ८० व जोय ९०० यांची बेरीज १००० होते. हिजरी १००० हे वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू झाले. चारमिनारचा काळ १५९१ असा जो सर्वत्र छापला जातो, त्याचा मेळ या गणिताशी बसतो. काटेकोरपणे बोलावयाचे तर तो १५९१-९२ असा लिहिला पाहिजे.

नगराचा म्हणून जो दुसरा कालश्लेष प्रसिद्ध आहे तो 'फर्खुंदा बुनियाद', म्हणजे शुभ पायाचे, मंगल स्थापनेचे. फर्खुंदा या शब्दातील फे ८०, रे २००, खे ६००, नून ५०, दाल ४ व हे ५ मिळून ९३९, बुनियाद या शब्दातील बे २, नून ५०, ये १०, अलिफ १ व दाल ४ मिळून ६७, एकूण १००६. हे हिजरी वर्ष १५९७-९८ मध्ये पडते. दोन कालश्लेषांत सहा वर्षांचे अंतर आहे, आणि ते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. चौकाच्या मध्यावरची वास्तू प्रथम उठली आणि नगर पुढे आकारास येत गेले, असे मानल्यास दोन्ही तिथ्या आपापल्या जागी योग्य ठरतात. नगराची स्थापना हा एक दिवस नसतो; स्मारकाची मात्र एकच तिथी असावी असा लोकांचा आग्रह असतो.

(४)

आता नावांकडे वळू. 'भागनगर' हे नाव स्थापनेच्या अगदी लगतच्या काळात आढळते. अकबराचा वकील म्हणून १५९१ मध्ये दक्षिणेकडे धाडलेला फैजी याने आपल्या वृत्तात या नव्या नगराचा भागनगर या नावाने निर्देश करून ते भागमती नावाच्या स्त्रीवरून पडल्याचे म्हटले आहे. 'तबकात-इ-अकबरी' या ग्रंथाचा कर्ता निजामुद्दीन अहमद हा १५९४ मध्ये वारला. त्याच्या ग्रंथातही हीच हकीकत आहे. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास बसून लिहिणारा फिरिश्ता तीच कथा अधिक तपशिलाने देतो. गोवळकोंड्याची हवा बिघडली म्हणून सुलतानाने नवे नगर वसविले, प्रिय स्त्रीच्या नावावरून त्याचे नाव ठेविले आणि मागाहून पश्चात्ताप होऊन ते बदलून हैदराबाद असे केले, असे त्याचे कथन आहे.

हे तिघेही समकालीन आहेत, ही त्यांची जमेची बाजू. परंतु तिघेही गोवळकोंड्याच्या दरबाराबाहेरचे आहेत आणि तिघांच्याही स्वरात त्या सुलतानाविषयी थोडा उपहास आहे, हेही विसरता येत नाही. याउलट खुद्द कुतुबशाही दरबारी इतिहासात भागमती नाही. मुहंमद कुली हा दखनीचा मोठा कवी. मुहिउद्दीन कादरी झोर यांनी १९४० मध्ये संपादिलेल्या त्याच्या समग्र काव्यात अनेक प्रियांची वर्णने आहेत, स्वतःच्या नगरात माणसांची भरभराट व्हावी अशी प्रार्थनाही आहे. भागमतीचे नाव मात्र नाही. हारून खान शेरवानी यांनी मुहंमद कुलीवरील आपल्या १९६७ मधील ग्रंथात याच मौनावर भर देऊन भागमती ही केवळ दंतकथा ठरविली. नरेंद्र लूथर यांनी पुढे समकालीन उल्लेखांच्या आधारे तिची बाजू मांडली. वाद अशा रीतीने एका स्त्रीच्या अस्तित्वाभोवती फिरत राहिला आणि नावाचा स्वतंत्र विचार मागे पडला.

(५)

भागमतीची कथा नाकारणाऱ्या काही अभ्यासकांनी एक पर्यायी उपपत्ती सुचविली आहे. नगर उद्यानांनी वेढलेले होते. तेव्हा मूळ नाव 'बागनगर' असावे व लिपीच्या घोटाळ्याने त्याचे 'भागनगर' झाले असावे, अशी ही उपपत्ती. तिला युरोपीय प्रवाशांचा आधार दिला जातो. १६६६-६७ च्या सुमारास तेथे गेलेला फ्रेंच प्रवासी थेवनो लिहितो की या राजधानीचे नाव 'बग्नगर' असून इराणी लोक तिला हैदराबाद म्हणतात. त्याचा देशबंधू ताव्हर्निये हा आणखी पुढे जातो. राजाने 'नगर' नावाच्या आपल्या आवडत्या राणीच्या इच्छेवरून हे शहर वसविले, म्हणून ते 'नगरची बाग' होय, असा अर्थ त्याने लावला आहे. 'नगर' या सामान्य शब्दाचे विशेषनाम करून एक राणी निर्माण करणारी ही व्युत्पत्ती लोकव्युत्पत्तीचा उत्तम नमुना आहे. पण तिच्यात स्थापनेच्या कथेतील स्त्री टिकून राहिली आहे, हे विशेष.

बागनगर या उपपत्तीची कसोटी लिपीवर घेता येते. फारसी लिपीत 'बाग' या शब्दाच्या अंती गैन हे अक्षर येते. 'भाग' या शब्दात बे, हे, अलिफ व गाफ अशी अक्षरे येतात. जुने लेखक गाफ व काफ यांत भेद करीत नसत आणि महाप्राणदर्शक 'हे' पुष्कळदा गाळीत, हे खरे. तथापि गैन व गाफ यांच्या आकृतींत साम्य नाही. एकाच्या जागी दुसरे वाचले जाणे सहजशक्य नाही. गोंधळ उडतो तो रोमन लिपीत. फ्रेंच कानाला 'ब' आणि 'भ' यांतील भेद जाणवत नाही आणि त्याच्या लेखणीला तो दाखविता येत नाही. म्हणून 'बग्नगर' हे रूप दोन्ही बाजूंना सारखेच उपयोगी, म्हणजेच पुरावा म्हणून दोन्ही बाजूंना निरुपयोगी ठरते.

(६)

येथे मराठीची साक्ष महत्त्वाची ठरते, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की या वादात ती फारशी काढली गेलेली नाही. देवनागरी व मोडी या दोन्ही लिप्यांत ब-भ आणि ग-घ हे भेद स्पष्ट लिहिले जातात आणि मराठी भाषकाच्या उच्चारात ते अर्थभेदक आहेत. मराठी कागदपत्रांत या नगराचे नाव 'भागानगर' असे येते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये अबुल हसन कुतुबशहाची भेट घेतली, त्या प्रसंगाचे वर्णन करताना सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद 'भागानगर' हेच नाव वापरतो. अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात निजामाच्या राजधानीला भागानगर म्हणण्याचा प्रघात सर्रास आहे. वस्तुतः मुहंमद कुलीच्याच तांब्याच्या नाण्यांवर 'दारुस्सल्तनत हैदराबाद' असे टांकसाळीचे नाव आलेले होते आणि १६८७ मध्ये कुतुबशाही बुडाल्यावर औरंगजेबाच्या नाण्यांवरही हैदराबादच राहिले. नाणी एक नाव सांगत असताना मराठी बखरकार व कारकून दुसरे नाव लिहीत राहिले, याचा अर्थ ते नाव त्यांना दफ्तरातून आलेले नसून बोलण्यातून, कानावाटे आलेले होते.

या रूपावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की मूळ उच्चारात 'भ' होता. 'बाग' हा शब्द मराठीने फार पूर्वी आत्मसात केला असून बागवान, बागाईत, बागबगीचा इत्यादी सर्व साधित रूपांत तो 'ब' कायम राखतो. तेव्हा 'बागनगर' असे ऐकणाऱ्या मराठी माणसाने 'भागानगर' लिहिले असते, असे मानण्यास आधार नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक सूक्ष्म आहे. मराठीत दैव या अर्थी 'भाग्य' हा तत्सम शब्दच चालतो. 'भाग' म्हणजे वाटा, अंश. संस्कृत 'भाग्य' पासून प्राकृत 'भग्ग' व त्यापासून उत्तरेकडील भाषांत आणि दखनीत 'भाग' असा दैववाचक शब्द नियमाने तयार झाला; 'योग्य' पासून 'जोग्ग' व त्यापासून मराठीतील खाण्याजोगा, करण्याजोगा यांतील 'जोगा' जसा झाला, तसाच. मराठी भाषकाने नावाचा अर्थ जाणून ते आपल्या भाषेत आणले असते तर त्याने 'भाग्यनगर' म्हटले असते. तेलुगूत 'भाग्यनगरमु' हे रूप आहेच. मराठी रूपात 'य' नाही. म्हणजे हे नाव भाषांतरित नसून दखनीच्या बोलण्यातून जसेच्या तसे उचललेले आहे. राजधानीच्या रस्त्यावर चालणाऱ्या नावाचा तो जवळजवळ ध्वनिलेख होय.

तिसरा निष्कर्ष मर्यादेचा आहे. 'भागानगर' यातील 'गा' चा दीर्घ स्वर पाहून, 'भागा' हे स्त्रीनाम मराठीत प्रचलित असल्यामुळे, भागमतीचा पुरावा सापडला असे कोणास वाटेल. परंतु समासात जोडस्वर म्हणून 'आ' येणेही शक्य असते आणि हे रूप दोन्ही विवरणांना सामावून घेते. त्यामुळे मराठीची साक्ष नावाच्या उच्चाराविषयी निर्णायक आहे. त्या नावामागील व्यक्तीविषयी ती काहीच सांगत नाही. समकालीन फारसी लेखक आणि मराठी लेखक यांनी मिळून 'भागनगर' हे नाव सिद्ध केले आहे. भागमती मात्र केवळ पहिल्यांच्याच शब्दावर उभी आहे.

(७)

नावाचा अर्थ लक्षात घेतला म्हणजे आणखी एक गोष्ट उघड होते. 'भाग' म्हणजे सुदैव आणि 'फर्खुंदा' म्हणजे शुभ, सुदैवी. लोकांच्या दखनीत जे 'भागनगर', तेच विद्वानांच्या फारसीत 'फर्खुंदा बुनियाद', असे अर्थाच्या दृष्टीने म्हणता येते. दरबारी इतिहासपरंपरेत असे सांगितले आहे की चंद्र सिंह राशीत व गुरू स्वगृही असताना नगराच्या आखणीची आज्ञा झाली. गुरू हा फारसीतील मुश्तरी, फलज्योतिषातील परम शुभ ग्रह; वजही या दरबारी कवीने १६०९ मध्ये मुहंमद कुलीच्या प्रेमावर रचलेल्या दखनी काव्यातील नायिकेचे नावही मुश्तरीच आहे. 'हैदर' हे अलीचे बिरुद असून त्याचा मूळ अर्थ सिंह असा आहे आणि कुतुबशाही घराणे शियापंथी होते. सिंहेचा चंद्र आणि स्वगृहीचा गुरू या मुहूर्तात हैदराबाद व भागनगर या दोन्ही नावांचे अर्थ जणू एकत्र आलेले दिसतात. यावरून ही नावे मुहूर्तावरूनच पडली असा सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल. एवढे मात्र खात्रीने म्हणता येते की 'भागनगर' या नावाचे स्पष्टीकरण देण्यासाठी भागमती अपरिहार्य नाही, आणि भागमती होती असे मानल्यानेही त्या नावाचा शुभार्थ नाहीसा होत नाही. एक नाव दोन कारणांनी रुचू शकते. राजदरबारात तर असे नाव विशेष पसंत पडते.

चारमिनारच्या हेतूविषयीही हाच विवेक हवा. गोवळकोंड्यात साथ पसरली, सुलतानाने ती शमण्यासाठी प्रार्थना केली आणि प्रार्थनेच्या स्थळी चारमिनार बांधला, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. तिचे बीज फिरिश्त्याच्या 'हवा बिघडली' या विधानात शोधता येते. त्याने नगर हलविण्याचे कारण सांगितले होते, लोकांनी ते वास्तूला लावले. 'या हाफिज' या संबोधनातील रक्षणाच्या याचनेनेही या कथेला बळ मिळाले असावे. दुसरीकडे, हिजरी १००० हे वर्ष म्हणजे इस्लामी सहस्रकाची पूर्तता. त्याच सुमारास अकबराने सहस्र वर्षांचा इतिहास 'तारीख-इ-अल्फी' या नावाने लिहविला व सहस्रसूचक नाणी पाडली. अशा काळात एका नव्या राजधानीच्या मध्यावर, नेमक्या त्या अंकाची वास्तू उभी राहावी हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. सहस्रकाचा हेतू कालश्लेषाच्या अंकावर आधारलेला आहे, साथीचा हेतू त्याच कालश्लेषाच्या अर्थावर. पहिल्याची तपासणी होऊ शकते, दुसऱ्याची नाही. म्हणून पहिल्याचे वजन अधिक.

(८)

ज्या वास्तूवर लेख नव्हता तिला तो पुढे तीनशे वर्षांनी मिळाला, परंतु दगडावर नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम महबूब अली खान व त्यांच्यानंतर उस्मान अली खान यांच्या रुपयांवर चारमिनारची आकृती उमटली. तिच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर, प्रथम मीम व नंतर ऐन, बसविलेले असे. भोवतीच्या लेखात मुहंमद या नावाचा अबजद अंक ९२. आणि पाठीवर 'हैदराबाद फर्खुंदा बुनियाद'. वास्तू, नगराचे नाव आणि स्थापनेचा कालश्लेष असे तिन्ही एका तबकडीवर प्रथमच एकत्र आले. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतील मराठी माणूस हे नाणे रोज हाताळीत होता. त्याच्या तोंडी मात्र भागानगरही होते.

नावांचा हा शेजार निरुपद्रवी राहिला नाही. १९३८-३९ मध्ये निजामी राजवटीविरुद्ध जे सत्याग्रह झाले, त्यांपैकी हिंदुमहासभेच्या लढ्याने 'भागानगर निःशस्त्र प्रतिकार' हे नाव धारण केले. हैदराबाद स्टेट काँग्रेसने आपल्या नावातच हैदराबाद ठेविले आणि पुढचा लढाही 'हैदराबाद मुक्तिसंग्राम' म्हणून ओळखला गेला. सभासदाच्या लेखणीत जे केवळ कानावर आलेले नाव होते, ते आता पक्ष सांगणारे नाव झाले. नगराचे 'खरे' नाव कोणते, हा प्रश्न आजही विचारला जातो तो याच अर्थाने. इतिहासाच्या दृष्टीने तो प्रश्न सदोष आहे. १५९४ पूर्वीच लिहिले गेलेले भागनगर जितके खरे, तितकेच संस्थापकाच्या स्वतःच्या नाण्यावरचे हैदराबादही खरे. एक बाजारातले, दुसरे टांकसाळीतले. दोन्ही एकाच राजाच्या काळातली.

थेवनोने चारमिनार पाहिला तेव्हा त्याच्या बाह्य रूपाइतके देखणे त्या शहरात दुसरे काही नाही असे त्याला वाटले. मात्र भोवताली गवताने शाकारलेली फळांची लाकडी दुकाने त्याच्या दृष्टीला खुपली. ती शोभा बिघडवितात, अशी त्याची तक्रार होती. पण भागनगर हे नाव जगले ते अशाच दुकानांतून. १८८९ मध्ये चारमिनारच्या चारही बाजूंस घड्याळे बसली आणि २०१४ मध्ये निर्माण झालेल्या तेलंगण राज्याने काकतीयांच्या तोरणाच्या आत चारमिनार ठेवून आपली राजमुद्रा घडविली. प्रत्येक पिढीने त्या निःशब्द वास्तूला आपल्या सोयीचा मजकूर पुरविला आहे. अभ्यासकाचे काम तो मजकूर पुसण्याचे नाही. त्यातील कोणती ओळ कोणत्या हाताने, कोणत्या लिपीत व केव्हा लिहिली गेली, हे दाखवून देणे एवढेच ते आहे. आणि त्या कामी मराठी दफ्तरातील 'भागानगर' या चार वर्षांच्या नव्हे तर दोन शतकांच्या लेखनाची साक्ष यापुढे दुर्लक्षिता येणार नाही.